ऋणनिर्देशाचे भान : स्वयंसेवी संस्था, देणगीदार आणि स्वयंसेवक
(मुंबई उपनगरातील देवनार परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : देणगी, स्वयंसेवा, ऋणनिर्देश, नामकरण, मानधन, देवनार

प्रस्तावना

आपल्याकडील सार्वजनिक कार्यक्रमात 'आभारप्रदर्शन' हा शेवटचा भाग असतो. तो सुरू होताच श्रोते उठू लागतात, मागच्या रांगेतील खुर्च्या सरकतात आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी बोलाविली जाते. आभार मानण्याचे काम बहुधा कार्यकारिणीतील सर्वांत कनिष्ठ सभासदाकडे सोपविलेले असते. त्याच्या हातात नावांची यादी असते व ती वाचताना एखादे नाव हमखास राहून जाते. जी संस्था दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे, तिने आपल्या कामातील हा भाग इतका दुय्यम का मानावा, या साध्या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा विचार सुरू झाला.

लेखासाठी देवनारचा संदर्भ घेण्यास कारण आहे. मुंबई महानगरपालिकेच्या 'एम-पूर्व' विभागातील या परिसरात १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात आहे. कचराभूमीच्या कडेने शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर अशा दाट वस्त्या उभ्या राहिल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत एम-पूर्व विभाग तळाशी होता. त्याचा निर्देशांक ०.०५ इतका नोंदविला गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला लागलेल्या आगीने काही दिवस साऱ्या मुंबईला धूर दाखविला, तेव्हा कोठे इतरांना या भागाची आठवण झाली. याच विभागात टाटा समाजविज्ञान संस्थाही आहे. देशातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचे हे आद्य केंद्र. 'अपनालय'सारख्या संस्था येथील वस्त्यांत अनेक दशके काम करीत आहेत. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके येथे येतात, कंपन्यांचे कर्मचारी एका दिवसाच्या 'सेवाकार्या'साठी येतात. देणारे आणि घेणारे येथे इतके जवळजवळ आहेत की आभार कोणी, कोणाचे, कोणासमोर आणि कसे मानावेत, हा प्रश्न येथे केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

नोंद ठेवण्याची जुनी रीत

देणगीदारांचे फलक ही आधुनिक काळाची हौस आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. याच उपनगरात, बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत शंभराच्या आसपास शिलालेख असून त्यांतील बहुसंख्य दानलेख आहेत. कल्याण, सोपारा येथील व्यापारी, गृहस्थ, स्त्रिया, भिक्षुणी अशा अनेकांनी लेणे, पाण्याची पोढी किंवा अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव दिल्याची नोंद त्यांत आहे. दाता कोण, कोठला, त्याने काय दिले आणि कोणाच्या पुण्यार्थ दिले, एवढा मजकूर दोन-चार ओळींत मावतो. विशेषणे जवळजवळ नाहीत. आपल्या आजच्या कोनशिलांवरील 'शुभहस्ते', 'प्रमुख उपस्थिती' वगैरे मजकुरापुढे हा संयम उठून दिसतो.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील, म्हणजे मोठ्या चैत्यगृहातील लेख या विषयासाठी विशेष महत्त्वाचा आहे. हे चैत्यगृह दोन व्यापारी बंधूंच्या दानातून झाले. परंतु लेखात त्यांच्याबरोबर कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूंचा आणि प्रत्यक्ष दगड घडविणाऱ्या पाथरवटांचाही उल्लेख येतो. पैसा देणारा, वेळ देणारा आणि हात देणारा हे तिघेही एकाच लेखात आले आहेत. सुमारे अठरा शतकांपूर्वी जे सुचले, ते आजच्या किती वार्षिक अहवालांत आढळते, हे वाचकांनी आपापल्या संस्थेचा अहवाल उघडून पाहावे.

शिलाहार काळातील गधेगाळींकडेही या दृष्टीने पाहता येते. दानाचा भंग करणाऱ्यास उद्देशून कोरलेली ती शापवाणी असभ्य आहे, हे खरे. परंतु तिच्यामागील आशय असा की, ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणासाठी ते चालू राहिले पाहिजे. दात्याविषयीच्या कृतज्ञतेचा पाया दानाचा विनियोग अबाधित राखण्यात आहे, ही जाणीव त्या दगडांवर स्पष्ट दिसते.

नाव देणे आणि नाव न देणे

संस्थेला किंवा वास्तूला दात्याचे नाव देणे हा ऋणनिर्देशाचा सर्वांत मोठा, म्हणूनच सर्वांत जोखमीचा प्रकार होय. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांच्यापाशी निधी असा नव्हताच. १८९६ पासून अनाथ बालिकाश्रमासाठी लहान लहान देणग्या गोळा करण्याचा अनुभव मात्र होता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. कर्व्यांनी येथे काही गमावले काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. विद्यापीठाचे कार्य, ध्येय आणि विद्यार्थिनी तेच राहिले. शिवाय स्त्रीशिक्षणाच्या संस्थेला एका स्त्रीचे नाव मिळाले. नाव आणि कार्य यांत विसंगती नव्हती.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या एका शाखेसाठी एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली. अट एवढीच की, शाखेला दिलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव बदलून त्याच्या घरचे नाव द्यावे. भाऊरावांनी ती देणगी नाकारली, ही आठवण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांना नकार देणे परवडले, यामागे केवळ बाणेदारपणा नव्हता. त्यांच्यामागे 'मुष्टिफंड' होता. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालविणाऱ्या संस्थेचे हजारो दाते असतात आणि त्यांपैकी एकाचेही नाव फलकावर येऊ शकत नाही. अशा दात्यांचे आभार मानण्याचा मार्ग एकच : त्यांच्या धान्यावर शिकलेला मुलगा त्यांच्याच गावात शिक्षक म्हणून परत येणे. भाऊरावांनी धनिकाची अट मान्य केली असती, तर मूठ देणाऱ्यांशी केलेला न बोललेला करार मोडला असता.

देवनारच्या टाटा संस्थेचा नामेतिहासही पाहावा. १९३६ मध्ये नागपाडा येथे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली ती सुरू झाली, ती 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' या नावाने. १९४४ मध्ये नाव बदलले, त्यातून व्यक्तिनाम गेले आणि कुलनाम राहिले. १९५४ मध्ये संस्था देवनारला आली. दोराबजींचे नाव ग्रंथालयाकडे राहिले. संस्थेचा व्याप वाढला की नावाची जागा बदलावी लागते, पण नाव पुसावे लागत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. नामकरणाचा ठराव करताना मुदत, बदलाची शक्यता आणि दात्याच्या वर्तनाविषयी पुढे प्रश्न निर्माण झाल्यास काय करावयाचे, ही तीन कलमे लिहून ठेवावीत. आपल्याकडील विश्वस्त मंडळे ती लिहीत नाहीत, कारण तसे लिहिणे दात्याच्या तोंडावर अपशकुन केल्यासारखे वाटते.

गुप्तदान आणि कायदा

आपल्या परंपरेत गुप्तदानाची थोरवी मोठी. तथापि, संस्थेच्या हिशेबात गुप्तदान ही संज्ञा जपून वापरावी लागते. १९६१ च्या आयकर कायद्यात २००६ साली घातलेल्या कलम ११५ बीबीसीने, ज्यांच्या दात्याचे नाव-पत्ता नोंदविलेले नाही अशा देणग्या विशिष्ट मर्यादेपलीकडे करपात्र ठरविल्या. केवळ धार्मिक असलेल्या संस्थांना त्यातून वगळले. देवळाच्या दानपेटीला जी मुभा आहे, ती वस्तीतील बालवाडीला नाही. म्हणून 'नाव जाहीर करू नका' असे सांगणाऱ्या दात्याला संस्थेने समजावून द्यावे की, त्याचे नाव जगापासून गुप्त राहील, वहीपासून नाही.

पावतीविषयीही असेच. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८० जी सवलतीसाठी संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरणे आणि दात्याला ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस सवलत मिळणे त्यापूर्वीच बंद झाले होते. प्रमाणपत्र वेळेवर न पोहोचल्यास दात्याचे प्रत्यक्ष नुकसान होते आणि मग कितीही सुंदर आभारपत्र पाठविले तरी व्यर्थ. परंतु पावती म्हणजे आभार नव्हेत. हा फरक आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०२३-२४ पासून जी करप्रणाली मूलतः लागू धरली जाते, तिच्यात या देणग्यांची वजावट नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा २०२५ चा आयकर कायदाही या दोन प्रणालींचा भेद कायम ठेवतो. कर वाचतो म्हणून देणारा दाता कमी होत जाईल. ज्याला कामाची आस्था आहे, तोच टिकेल. त्याच्याशी संस्था कोणत्या भाषेत बोलते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आणखी एक बाब. अहवालात किंवा फलकावर नाव छापण्यापूर्वी दात्याची लेखी संमती घेण्याची प्रथा आपल्याकडे नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर तरी देणगी अर्जावर 'नाव प्रसिद्ध करावे काय?' असा एक रकाना असावा. तेथेच नावाचे अचूक लेखनही विचारून घ्यावे. चुकलेले नाव छापण्यापेक्षा न छापलेले बरे.

आभाराने देणगी वाढते काय?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत आभाराचे समर्थन बहुधा लाभाच्या भाषेत केलेले असते : आभार माना, म्हणजे दाता पुन्हा देईल. याविषयी उपलब्ध असलेला पुरावा मात्र गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत समेक आणि लाँगफील्ड यांनी पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर सहा वर्षे केलेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २०२३) असे आढळले की, आभाराचा दूरध्वनी आलेल्या व न आलेल्या दात्यांच्या पुढील देणग्यांत फरक पडला नाही. न्यूमन आणि शेन यांच्या २०१२ मधील अभ्यासात तर भेटवस्तू देऊ केल्यास देणगीची रक्कम घटल्याचे दिसले. दात्याला आपले दान व्यवहार वाटू लागते, हे त्याचे संभाव्य कारण. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाविषयी हाच मुद्दा मांडला होता : मोबदला आला की देण्याची प्रेरणा मलिन होते. रक्तदान शिबिरांत पिशव्या, डबे, घड्याळे वाटणाऱ्या आपल्या मंडळांनी हा मुद्दा मनावर घेण्यासारखा आहे.

दुसऱ्या बाजूला, ग्रँट आणि जीनो यांच्या २०१० च्या प्रयोगात एका विद्यापीठासाठी निधी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांना संचालिकेने स्वतः येऊन धन्यवाद दिले, तेव्हा पुढील आठवड्यात त्यांनी केलेल्या दूरध्वनींची संख्या निम्म्याहून अधिक वाढली. म्हणजे काम करणाऱ्यावर आभाराचा परिणाम दिसतो, पैसे देणाऱ्यावर तो तितका सरळ दिसत नाही. आपल्या संस्थांचा व्यवहार नेमका उलट आहे. शाल आणि श्रीफळ देणगीदाराला, स्वयंसेवकाला वडापाव.

या अभ्यासांतून आभार निरुपयोगी ठरतात, असा अर्थ काढणे चूक होईल. आभार हे देणे आहे, गुंतवणूक नव्हे. ते फेडायचे म्हणून फेडायचे. तसे मानले की त्याचा खर्च आपोआप मर्यादेत येतो. महागड्या स्मृतिचिन्हांची गरज उरत नाही आणि 'आमच्या पैशातूनच आम्हाला भेट कशाला?' हा दात्याच्या मनातील रास्त प्रश्नही उद्भवत नाही. आठवड्याच्या आत गेलेले, रकमेचा व कामाचा नेमका उल्लेख असलेले, पदाधिकाऱ्याच्या सहीचे पत्र पुरेसे असते. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल' असे त्यात असू नये. 'आपल्या देणगीतून बालवाडीच्या तीन महिन्यांच्या खाऊचा खर्च भागला' असे असावे. सहा महिन्यांनी दुसरे पत्र जावे, त्यात मागणी नसावी. फसलेल्या कामाची हकीकतही त्यात असली तर दात्याचा विश्वास वाढतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

लाभार्थ्याला व्यासपीठावर आणावे काय?

येथे देवनारचा प्रश्न तीव्रतेने पुढे येतो. वर उल्लेखिलेल्या ग्रँट यांच्याच २००७ च्या एका अभ्यासात, निधी गोळा करणाऱ्यांची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी केवळ पाच मिनिटे भेट घडवून आणली असता त्यांचे काम महिन्याभरानंतर दुपटीहून अधिक झालेले दिसले. हा निष्कर्ष खरा असेलही. परंतु त्याचा आपल्याकडील अवतार कसा असतो, ते सर्वांनी पाहिले आहे. कचरावेचक कुटुंबातील मुलगी स्वच्छ गणवेशात व्यासपीठावर उभी केली जाते. पाठ केलेले चार शब्द ती बोलते. भल्या मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशाची एक बाजू तिच्या हाती दिली जाते आणि छायाचित्र निघते. ते छायाचित्र तिच्या शाळेतील मुले पाहतात, शेजारी पाहतात. दात्याचे आभार मानले गेले, पण ते मानण्याचे ओझे संस्थेने स्वतःच्या खांद्यावरून काढून त्या मुलीवर टाकले.

ऋण संस्थेचे आहे. देणगी संस्थेने मागितली, पावती संस्थेने दिली. कृतज्ञता व्यक्त करण्याचे काम दुसऱ्याकडून, तेही अल्पवयीनाकडून करवून घेणे योग्य नव्हे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ अन्वये प्रतिबंध आहे. परंतु जेथे कायदा लागू होत नाही, तेथेही संकोच लागू व्हावयास हवा. दात्याला काम पाहावयाचे असल्यास त्याने वर्ग चालू असताना येऊन मागच्या बाजूस बसावे. काम दिसेल, आणि मुलांना तो कोण हे कळण्याची आवश्यकता नाही.

स्वयंसेवक : बाहेरचे आणि वस्तीतले

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित कार्य ही तिची अट. प्रमाणपत्र मिळते, मुंबई विद्यापीठात वाढीव गुणांची सवलतही आहे. या सवलतीमुळे विद्यार्थी येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. येणे हा प्रारंभ आहे. मात्र तास भरल्यानंतर विद्यार्थी पुन्हा वस्तीत जातो की नाही, हे त्याला मिळालेल्या वागणुकीवर ठरते. एका समारंभात प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे : सकाळपासून सतरंज्या अंथरणाऱ्या स्वयंसेवकांना पाहुणे येईपर्यंत दोन तास उन्हात रांगेत उभे केले होते, आणि आभाराच्या भाषणात त्यांचा उल्लेख 'ज्ञात-अज्ञात हात' असा झाला. ते अज्ञात नव्हते. हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव होते.

स्वयंसेवकाचा खरा गौरव म्हणजे त्याचा वेळ वाया न घालवणे. त्याला येण्यापूर्वी काम ठरलेले असावे. प्रवासखर्च मागावा लागू नये. आणि प्रमाणपत्रावर 'उत्साहाने सहभाग घेतला' या सर्वांना सारख्या वाक्याऐवजी त्याने काय केले, ते लिहावे. 'बैंगनवाडीतील अभ्यासवर्गात चौदा रविवार गणित शिकविले' हे वाक्य नोकरीच्या अर्जासोबतही उपयोगी पडते. ५ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन साजरा करावा, परंतु त्या दिवशी स्वयंसेवकांनाच खुर्च्या मांडावयास लावू नयेत.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळतो. बाहेरून येणारा स्वयंसेवक रविवारी येतो व जातो. वस्तीतील स्त्री मात्र लसीकरणाची आठवण करून देण्यासाठी रोज दारोदार फिरते, रात्री प्रसूतीसाठी रुग्णालयात सोबत जाते. तिलाही अनेक ठिकाणी 'स्वयंसेविका'च म्हटले जाते आणि तिला जे मिळते त्याला 'मानधन' म्हणतात. हा शब्द मोठा फसवा आहे. त्यात मान किती आणि धन किती, हे तिलाच ठाऊक. आशा सेविकांचे उदाहरण ताजे आहे. जून २०२१ मध्ये, साथीच्या काळातच, महाराष्ट्रातील आशा सेविकांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांना आरोग्य नेतृत्वाचा जागतिक सन्मान जाहीर केला. आणि त्यानंतर २०२३ मध्ये राज्यात पुन्हा संप झाला. सन्मानाचा आनंद खोटा नव्हता, परंतु सन्मानाने मागणी मिटली नाही.

स्वयंसेवी संस्थांनाही हीच कसोटी लावावी लागेल. जे काम रोजचे आहे, ज्याची वेळ ठरलेली आहे, ज्याच्यावाचून प्रकल्प थांबतो, ते स्वयंसेवा नव्हे. ते काम आहे आणि त्याचे वेतन दिले पाहिजे. वेतनाची तरतूद नसल्यास देणगीदाराला तसे स्पष्ट सांगावे. इमारतीला, संगणकाला, वह्यांना पैसे देणारे दाते पगाराला पैसे देण्यास नाखूश असतात, ही संस्थाचालकांची नेहमीची तक्रार आहे व ती खरी आहे. परंतु दात्याला कार्यकर्ती दिसतच नाही, कारण तिचे नाव अहवालात नसते. वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने छापण्याची पद्धत आहे. तिच्याऐवजी सर्व नावे वर्णानुक्रमे छापावीत आणि त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, वस्तीतील कार्यकर्त्या स्त्रियांची नावे त्यांच्या संमतीने द्यावीत. पाच लाख देणारे विश्वस्त आणि शिवाजीनगरच्या गल्लीत बारा वर्षे फिरणारी ताई एकाच पानावर आल्या, तर काही दाते नाराज होतील. त्यांना उत्तर देण्याची तयारी कार्यकारिणीने छपाईपूर्वीच्या सभेत करून ठेवावी.